पाऊस वरून, भूकंप खालून: सिद्धबाडीच्या दीदी कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांची मातीची घरं

हिमाचल प्रदेशातल्या कांगड्यात मातीचं घर बांधायचं म्हणजे एकाच वेळी दोघांशी सामना. धरमशालेला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आपल्या रत्नागिरीइतका, आणि त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टात. भूकंपाच्या नकाशात हा पट्टा वर्षानुवर्षं झोन 5 मध्ये, म्हणजे मोठ्या धोक्याच्या गटात, गणला गेला आहे. 4 एप्रिल 1905 च्या पहाटे 7.8 तीव्रतेचा धक्का बसला आणि या भागात सुमारे वीस हजार माणसं गेली. अशा ठिकाणी, आजूबाजूची गावं सिमेंटच्या 'लेंटर'कडे (तिकडे स्लॅबला हाच शब्द) वळत असताना, एक बाई साठी गाठायच्या सुमारास मातीची घरं बांधायला लागते आणि नव्वदी गाठेपर्यंत बांधत राहते. वास्तुकलेची पदवी नाही, ऑफिस नाही, कॉम्प्युटरवरचे नकाशे नाहीत.

दीदी कॉन्ट्रॅक्टर यांचं मूळ नाव डेलिया किंझिंगर. जन्म 1929, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. वडील एडमंड किंझिंगर जर्मन, आई ॲलिस फिश अमेरिकन, दोघंही चित्रकार. कोलोरॅडो विद्यापीठात कला शिकताना स्थापत्य अभियांत्रिकीचे गुजराती विद्यार्थी नारायण रामजी कॉन्ट्रॅक्टर यांच्याशी ओळख झाली, 1951 मध्ये लग्न झालं आणि त्या थेट नाशिकला, एकत्र कुटुंबात आल्या. पुढे मुंबईत जुहूला बिऱ्हाड. 1960 च्या दशकात उदयपूरच्या लेक पॅलेसच्या अंतर्गत सजावटीत त्यांचा हात होता. 1970 च्या दशकात त्या कांगड्यातल्या अंद्रेट्याला गेल्या. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांनी तिथे मातीच्या घरात राहून वस्ती जमवली होती. तिथून धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी सिद्धबाडीला. स्वतःचं घर, रक्कड गावातला निष्ठा संस्थेचा दवाखाना, पालमपूरजवळ कंडबाडीची संभावना संस्था, बीरजवळची धर्मालय संस्था आणि त्या परिसरातली बरीच खासगी घरं ही त्यांची मुख्य कामं. 2019 मध्ये नारी शक्ती पुरस्कार मिळाला. 5 जुलै 2021 ला त्या गेल्या.

त्यांच्याबद्दल लिहिताना लोक 'निसर्गाशी नातं' वगैरेवर लवकर घसरतात. त्याने काम कळत नाही. त्यांची घरं उभी राहिली ती दोन गोष्टींच्या हिशेबावर, पाण्याच्या आणि उजेडाच्या. माती हे फक्त साहित्य.

मातीची परीक्षा

घराची माती बहुतेक वेळा घराच्याच जागेतून निघते. उतारावर जागा सपाट करताना जे खणलं जातं तेच विटांना लागतं. वरचा वीतभर थर, ज्यात मुळं आणि कुजलेला पाला असतो, तो बाजूला काढायचा. तो भिंतीत गेला की सडतो, वाळवीला बोलावतो. शेतात टाकला तर उपयोगी.

खालची माती चालेल का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मातीच्या इमारतींसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 13827 मध्ये, हातानं करायच्या चाचण्या दिल्या आहेत आणि जुने मिस्त्री थोड्याफार फरकाने त्याच करतात. दोन सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा गोळ्या वळायच्या, 48 तास सुकवायच्या आणि अंगठा-तर्जनीत दाबायच्या. एकही फुटली नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. फुटली तर माती कमजोर, दुसरी शोधा. मग ओल्या मातीची बारीक वळी करायची. पाच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर चिकणमाती कमी, पंधराच्या पुढे लोंबत राहिली तर जास्त, म्हणजे जाडी वाळू मिसळायला हवी. किती मिसळायची? दोन कच्च्या विटांमध्ये चिखल भरून किमान आठ 'सँडविच' करायची. त्यात माती आणि जाडी वाळू यांचं प्रमाण निव्वळ मातीपासून एकास तीनपर्यंत बदलत न्यायचं. 48 तासांनी उघडून पाहायचं. ज्यात भेग नाही आणि वाळू सर्वात कमी, ते प्रमाण घ्यायचं. वाळू जास्त घातली की भेगा जातात खऱ्या, पण पकडही जाते. नवखे लोक इथेच फसतात.

देशावर ज्याला आपण भेंडा म्हणतो तीच ही वीट. चिखलात भाताचा पेंढा चिरून घालायचा, पायांनी तुडवायचा, रात्रभर मुरू द्यायचा, लाकडी साच्यात थापायचा. दोन-तीन दिवसांनी वीट कडेवर उभी करायची, नाहीतर खालची बाजू ओली राहून ती वाकते. मग तीन-चार आठवडे सावलीत. भर उन्हात ठेवली की वरचं कवच आधी आवळतं आणि मधून तडा जातो. कांगड्यात यासाठी दोनच हंगाम मिळतात, पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मार्च ते जूनचा पहिला आठवडा. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेकडून येणारा हिवाळी पाऊस सगळं वेळापत्रक बिघडवतो. म्हणून विटा एका हंगामात पाडून, झाकून, पुढच्या हंगामात भिंत चढवणं शहाणपणाचं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक खोली घेऊ: आतून 4.2 बाय 3.6 मीटर, भिंत 45 सेंटिमीटर जाड, 3 मीटर उंच. दारं-खिडक्या वजा करून भिंतीचा आकार साधारण 21 घनमीटर भरतो. वीट 30 बाय 15 बाय 10 सेंटिमीटरची धरली तर सांध्यांसकट साडेतीन हजार विटा. एकेक वीट साडेसात किलोच्या आसपास. म्हणजे एका खोलीच्या चार भिंती सुमारे 36 टन. हा आकडा पुढे भूकंपाच्या वेळी कामाला येतो.

पाण्याचा हिशेब

मातीची भिंत मातीमुळे पडत नाही, पाण्यामुळे पडते. पाणी मुख्यतः तीन वाटांनी येतं: जमिनीतून वर चढतं, जमिनीवर आपटून उडतं आणि वाऱ्याबरोबर आडवं येतं.

पहिल्या दोघांवर उपाय एकच, दगडी जोतं. नदी-ओढ्यातले गोटे तिकडे भरपूर. जोतं जमिनीपासून किमान 45 ते 60 सेंटिमीटर वर आलं पाहिजे, कारण पागोळ्यांचं पाणी आपटून साधारण तेवढंच उडतं. जोतं बुटकं ठेवलं की दोन पावसाळ्यांत भिंतीचा पाया कुरतडल्यासारखा आत जातो. वर भिंत धडधाकट दिसते आणि खाली तिची जाडी निम्मी झालेली असते. पडलेल्या मातीच्या घरांत ही खूण फार वेळा सापडते. तोल गेलेली भिंत सहसा बाहेर पडते, आत नाही, कारण खालचा बाहेरचा भाग गेलेला असतो.

आडव्या पावसाला पाखं, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, पुरतं, पण किती? पाऊस उभ्या रेषेपासून 30 अंश तिरका येतो असं धरू आणि पाखं भिंतीबाहेर 75 सेंटिमीटर काढू. मग पाख्याखालची 1.3 मीटर भिंत कोरडी राहते. भिंत तीन मीटरची असेल तर खालची 1.7 मीटर भिजणारच. दुमजली घराला तर एका पाख्याने काहीच होत नाही. म्हणून कांगड्याच्या जुन्या घरांना मधल्या पातळीवर व्हरांड्याचं दुसरं छप्पर असतं. ते बसायला आहे असं वाटतं, पण त्याचं पहिलं काम खालच्या भिंतीला छत्री धरण्याचं. कोकणातल्या पडवीचंही तेच.

उताराच्या बाजूचं पाणी हा चौथा, आणि अनेकदा विसरला जाणारा भाग. घराच्या डोंगराकडच्या अंगाला चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी वळवायचं असतं. चर भिंतीला चिकटून खणला तर तोच जोत्याखाली पाणी मुरवतो, म्हणून किमान एक-दीड मीटर लांब. आणि ओढ्याच्या पात्रात घर नको, ओढा आठ महिने कोरडा असला तरी. दीदी गेल्या त्यानंतर बरोबर आठवड्याने, 12 जुलै 2021 ला, धरमशालेच्या वरच्या भागसूत एक नाला असा फुगला की रस्त्यावर उभ्या गाड्या वाहून गेल्या. नाल्याचं पात्र बांधकामांनी आवळलं की डोंगर आपली वाट रस्त्यावरून काढतो.

मग लोक विचारतात, भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा का नाही? एकदाचा पाऊस लागू नये. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सिमेंटचा थर कडक, माती हलती: ओलीने फुगते, उन्हात आवळते. दोघांची चाल जुळत नाही, केसासारखी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत शिरतं, पण वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. बाहेरून भिंत पक्की, रंगवलेली, आत चिखल. एक दिवस गिलाव्याचा आख्खा पत्रा सुटतो आणि मागे ओली, पोकळ भिंत दिसते. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा हवा, शेण, भाताचा कोंडा किंवा बारीक पेंढा घालून. तो झिजतो, आणि झिजण्यासाठीच असतो. भिंतीऐवजी तो जातो.

उजेड

इथे दीदींचं स्वतःचं काम सुरू होतं. वरचं बहुतेक कांगड्याच्या कोणत्याही म्हाताऱ्या मिस्त्रीला माहीत होतं. पण ती जुनी घरं अंधारी, चुलीच्या धुराने काळवंडलेली. तरुण पिढी त्यातून पळाली ती उगाच नाही. मातीच्या भिंतीत मोठी खिडकी काढायला मिस्त्री घाबरतो, आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे.

दीदींनी उजेड भिंतीतून कमी आणि वरून जास्त आणला. जिना घराच्या मध्यात आणि त्याच्या डोक्यावर छपरात काच. उजेड पायऱ्यांवरून खाली सांडत तळमजल्याच्या पोटात जातो. या जिन्यांच्या पायऱ्या वळताना रुंदावतात, कठडा मातीचा, हाताने घासून गोल केलेला, कोपरा कुठे टोकदार नाही. मातीत टोकदार कोपरा टिकतही नाही, बादली लागली की उडतो, त्यामुळे सौंदर्य आणि सोय एकाच रेषेत आली. भिंतीच्या जाडीत कोनाडे, खिडक्यांच्या बाजू आतल्या अंगाला तिरक्या कापलेल्या. 45 सेंटिमीटर जाड भिंतीतली सरळ कापलेली खिडकी बोगद्यासारखी होते. बाजू तिरक्या केल्या, त्यांना फिक्या मातीचा हात दिला, की तेवढ्याच भोकातून दुप्पट उजेड आल्यासारखा वाटतो.

दक्षिणेचं ऊन हा दुसरा भाग. धरमशाला 32.2 अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 34 अंश वर असतो, जूनमध्ये 81 अंश. त्याच 75 सेंटिमीटर पाख्याची दुपारची सावली जूनमध्ये भिंतीवर पावणेपाच मीटर खाली येते, म्हणजे आख्खी भिंत सावलीत. डिसेंबरात ती अर्ध्या मीटरवर थांबते आणि ऊन खिडकीतून थेट जमिनीवर. जाड भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी ऊब परत देते. नाशिक-मुंबईत हे गणित असं चालत नाही. तिथे जूनमध्ये दुपारचा सूर्य उलट उत्तरेकडे झुकतो, आणि ऊब साठवायची गरजच कुणाला. म्हणून कांगड्यातल्या घराचे फोटो पाहून सह्याद्रीत तसंच घर मागणाऱ्यांनी आधी अक्षांश पाहावा.

दीदी हातानेच आरेखन करत, पेन्सिलीने. ते जागेवर रोज बदलत असे. मिस्त्री, मजूर आणि देशभरातून येणारे वास्तुकलेचे विद्यार्थी समोर उभे, आणि खिडकी वीतभर सरकवायची की नाही हे तिथेच ठरणार. मातीत हे परवडतं, ओली भिंत कापता येते. पण याची किंमत अशी की काम त्यांच्या डोळ्यांशिवाय पुढे सरकत नसे.

भूकंप

36 टनांचा आकडा इथे परत येतो. धक्क्याचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो आणि माती ताण जवळजवळ घेतच नाही. आयएस 13827 त्यामुळे कडक आहे. झोन 4 आणि 5 मध्ये मातीच्या विटांचं घर एक मजला आणि वर पोटमाळा, बस. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून अधिक नाही. दोन आडव्या भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापटीत हवं, शिवाय 64 गुणिले जाडीचा वर्ग भागिले उंची याच्याही आत. 45 सेंटिमीटर जाडी आणि 3 मीटर उंचीला पहिला नियम 4.5 मीटर देतो, दुसरा 4.32. लहान तो खरा. वर घेतलेली खोली 4.2 मीटरची होती ती यामुळे. दार-खिडकी 1.2 मीटरहून रुंद नको आणि बाहेरच्या कोपऱ्यापासूनही 1.2 मीटर आत हवी. कोपरा हाच भिंतींचा हात धरलेला भाग. तिथेच खिडकी काढली की धक्क्यात दोन्ही भिंती एकमेकींना सोडतात.

चारही भिंतींना कवटाळणारा पट्टा लागतो. लाकडाचे दोन समांतर वासे आणि मध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे आडवी झोपवलेली शिडीच, एक दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि एक छपराखाली. कोपऱ्यात वासे नुसते टेकवून चालत नाही, खाच पाडून एकमेकांत बसवून खिळे मारावे लागतात. पट्टा कोपऱ्यात तुटलेला असेल तर तो पट्टा नाहीच. या एका सांध्यावर हात राखून काम करणारे गवंडी बरेच दिसतात, कारण गिलावा झाल्यावर तो दिसत नाही.

आता अडचणीची गोष्ट. कांगड्याचं पारंपरिक घर दुमजली आहे आणि दीदींच्या घरांतही वरचा मजला असतो. मानक एकीकडे, परंपरा दुसरीकडे. परंपरेने इतकी वर्षं टिकून दाखवलं हा युक्तिवाद 1905 पुढे लंगडा पडतो, आणि मानक म्हणतं म्हणून मातीच सोडा हाही तोडगा नाही, कारण बिनपट्ट्याचं, हलक्या हाताने ओतलेलं लेंटर मातीहून जीवघेणं. पण नवीन बांधणाऱ्याने इथे दीदींची नक्कल करू नये, मानक पाळावं: मातीच्या भिंतीवर माळा, आणि पुरा दुसरा मजला हवाच असेल तर त्याचं वजन लाकडी किंवा बांबूच्या सांगाड्यावर. भिंत नुसती भरणीची.

छप्पर

सिद्धबाडीच्या शेजारीच खनियारा, स्लेटच्या खाणींचं गाव. पाटीच्या दगडाचं छप्पर देखणं, पाऊस पेलणारं आणि जड. एक सेंटिमीटर जाडीची चौरस मीटर पाटी 27-28 किलो भरते, आणि एकीवर एक चढवल्यामुळे छपराच्या चौरस मीटरला 50 किलोच्या पुढे जाते. पत्रा चार-पाच किलोत भागतो. पण पत्र्यावर पावसाळ्याच्या रात्री शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि हिवाळ्यात त्याच्या आतून दव ठिबकतं.

पाटी दोन खिळ्यांनी वाशावरच्या पट्टीला ठोकतात, वरची पाटी खालच्या खिळ्यांना झाकते. साधा लोखंडी खिळा गंजला की पाटी घसरते. एक घसरली की पाणी पट्टीवर, पट्टी कुजते, मग आख्खी ओळ बसते. उतार 25-30 अंशांहून कमी ठेवला तर वाऱ्याने पाणी सांध्यातून उलटं वर चढतं. आणि माकडं. धरमशालेकडे छपराची निगा म्हणजे निम्मं काम माकडांनी उचकटलेल्या पाट्या परत बसवणं.

छपरातला बांबू अमावास्येला तोडला की कीड लागत नाही असं सांगतात. खात्रीचा उपाय बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याचा. बांबूतली साखर-पिष्ट हेच भुंग्याचं खाद्य, आणि हे क्षार ते खाण्याजोगं ठेवत नाहीत. पण हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून असा बांबू छपराखालीच, पावसात उघडा नाही.

कागद आणि माणसं

वास्तुविशारद कायदा 1972 चा. परिषदेकडे नोंदणी नसेल तर स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. 17 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा पदनाम राखून ठेवतो, घराचं आरेखन करण्याचं काम नाही. दीदींची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याआधीची. घराला वेगळीच अडचण आहे. जनगणनेच्या व्याख्येत कच्च्या विटांची भिंत तात्पुरती आणि स्लेटचं छप्पर कायमचं, त्यामुळे असं घर 'अर्ध-पक्कं' ठरतं. मालकाने कितीही पैसे ओतले तरी.

आणि पैसे कमी लागतात हाही गैरसमज. साहित्य स्वस्त, मजुरी भरपूर. खर्चाचा मोठा वाटा सिमेंटच्या कंपनीऐवजी गावातल्या हातांत जातो, हा फरक. घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी विटा पाडल्या तर स्वस्त, ठेकेदाराकडून करवलं तर पक्क्या घराच्या तोडीस तोड. म्हणूनच दीदींकडे घर बांधून घेणाऱ्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले आणि संस्था जास्त, आणि शेजारचा शेतकरी अजून लेंटरसाठी पैसे जमवतो. यात त्याचं काही चुकत नाही. लिंपण कोण करतं हे त्याला घरात डोळ्यांसमोर दिसलेलं आहे: घरातल्या बायका, दर वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, बिनपगारी.

संस्थांच्या इमारतींत हे काम अंदाजपत्रकात घालावं लागतं, नाहीतर पाचव्या वर्षी भिंत उघडी पडते. मे महिन्यात छपराची पाटी न् पाटी पाहायची आणि चर उपसायचे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात जोत्यावरची पहिली हातभर भिंत बोटाने ठोकत जायचं. पोकळ आवाज आला तिथला गिलावा खरवडून काढायचा, भिंत पाण्याने शिंपडून ओलसर करायची, कोरड्या भिंतीवर नवा थर धरत नाही. हातभर जागेत नमुना लावून दोन दिवस थांबायचं. भेगाळला तर चिखलात वाळू वाढवायची, हाताला पीठ लागलं तर चिकणमाती. मग उरलेली भिंत.